अमावस्या नव्हे, अमास्या! डोंगराच्या घळीत बसलेलं राजपुत्रांचं गाव

२०१५ साली तुर्कस्तानातल्या एका गावाने नदीकाठी एक पुतळा बसवला. डोक्यावर पागोटं, अंगात झगा, एका हातात तलवार, म्हणजे एकदम ऑटोमन (जुन्या तुर्की साम्राज्यातला) शेहजादा, राजपुत्र, आणि दुसऱ्या हातात मोबाईल, साहेब सेल्फी काढतायत. टुरिस्ट लोक खूष, पण काही दिवसांतच कुणीतरी येऊन मोबाईल आणि तलवार दोन्हीची मोडतोड करून गेलं. बातमी जगभर फिरली, लोक हसले आणि विसरले. मला मात्र प्रश्न पडला की या एवढ्याशा गावात राजपुत्राचा पुतळा कशाला? ऑटोमनांची राजधानी तर इस्तंबूल, ती इथून साडेसहाशे-पावणेसातशे किलोमीटर लांब.

गावाचं नाव अमास्या. हो, मीपण पहिल्यांदा वाचलं तेव्हा अमावस्याच वाचलं होतं. लॉकडाऊनमध्ये ज्यांनी तुर्की सिरीयली बघितल्या त्यांच्या कानावरून हे नाव गेलं असेल, "शेहजादे मुस्तफाला अमास्याला पाठवलं" वगैरे, आणि पाठवलं म्हणताना सगळे असे गंभीर चेहरे करतात की जणू अंदमानला धाडलंय. ते तसं का, हे समजून घ्यायचं तर आधी जमीन बघायला लागते. इतिहास मागून येतो.

तर नकाशा उघडा. तुर्कस्तानचा उत्तर किनारा म्हणजे काळा समुद्र. तिथे सामसुन नावाचं बंदर आहे, तिथून साधारण १३० किलोमीटर आत, दक्षिणेला, अमास्या. समुद्राला समांतर डोंगररांगा आहेत त्यामुळे किनाऱ्यावरून आतल्या पठारावर जायचं तर नदीने जिथे डोंगर फोडलाय तिथूनच वाट काढावी लागते. अशी एक नदी म्हणजे येशिलइर्माक, अर्थ सरळ आहे, हिरवी नदी. प्राचीन ग्रीक लोक तिला आयरिस म्हणायचे. ही नदी डोंगर कापत कापत येते आणि एका ठिकाणी दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधे नदी आणि नदीच्या काठाला जेमतेम चिंचोळी सपाटी, एवढीच जागा उरते. त्या सपाटीत हे गाव बसलंय. उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम ४०० मीटर, त्यामुळे आजूबाजूच्या पठारापेक्षा हवा उबदार, पाणी भरपूर, फळबागा जोरात. आज वस्ती असेल लाख-सव्वा लाख, म्हणजे आपल्या हिशोबाने तालुक्याचं मोठं गाव, पण तिकडे ते जिल्ह्याचं, म्हणजे त्यांच्या भाषेत 'इल'चं मुख्य ठिकाण आहे.

आता गंमत बघा. घळीत असल्यामुळे गाव लांबून दिसत नाही, शत्रूला आत शिरायचं तर नदीच्या काठाकाठानेच यावं लागणार आणि वरून किल्ला त्याच्यावर नजर ठेवून. पण लपलेलं असूनही गाव आडबाजूला नाही, कारण समुद्राकडून पठाराकडे आणि तिथून पुढे सिवास, एरझुरूम करत इराणकडे जाणाऱ्या वाटा याच भागातून जातात. लपायलाही बरं आणि निघायलाही बरं. पुढचं जे काही सांगतोय ना, राजे, राजपुत्र, अतातुर्क, ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्याच एका माणसाने लिहून ठेवलंय. त्याचं नाव स्ट्रेबो. जन्म इसवी सन पूर्व ६४ च्या आसपास, याच गावात. जगाचा भूगोल १७ खंडांत लिहिला या बाबाने, आणि बाराव्या खंडात स्वतःच्या गावावर आल्यावर लेखणी जरा हळू चालवलीये. म्हणतो, माझं गाव एका मोठ्या खोल दरीत आहे, मधून आयरिस वाहते, माणसाने आणि निसर्गाने मिळून त्याला असं घडवलंय की ते शहरही आहे आणि किल्लाही. नदीकाठाने तटबंदी, दोन टोकांवरून ती वर चढत जाते, वर दोन सुळके, त्यांच्यावर बुरूज, दोन सुळक्यांना जोडणारी अरुंद खिंड, आत राजवाडा आणि राजांच्या समाध्या, नदीवर दोन पूल, एक गावातून पलीकडच्या वस्तीत आणि दुसरा तिथून बाहेर. आणि सगळ्यात भारी म्हणजे पाण्याची सोय: कातळाच्या पोटात पाण्याचे साठे आणि तिथवर खोदत नेलेली दोन भुयारं, एक नदीच्या दिशेने, एक खिंडीच्या दिशेने, म्हणजे वेढा कितीही दिवस पडो, पाणी कुणी तोडू शकत नाही. सह्याद्रीत गड फिरणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको, गड टिकतो तो टाक्यातल्या पाण्यावर.

स्ट्रेबो कधी भारतात आला नाही, पण त्याचा पंधरावा खंड भारतावर आहे, मेगास्थेनीस वगैरे जुन्या लोकांचं वाचून लिहिलेला, आणि त्यात उगाच फेकाफेकी करणाऱ्यांना तो चांगला झापतोही. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरातून १२० जहाजं भारताकडे निघतात हे त्यानेच नोंदवलंय. भारतातून रोमच्या सम्राटाकडे गेलेल्या शिष्टमंडळातला एक माणूस, बार्गोसाचा, म्हणजे बहुतेक आपल्या भरूचचा, त्याने अथेन्समध्ये स्वतःला जाळून घेतलं, ही गोष्टही त्याच्याच पुस्तकात आहे. अमास्याच्या घळीतला पोरगा भरूचपर्यंत पोचला, घोड्यावर नाही तर कागदावर. असो, विषयांतर झालं.

तर स्ट्रेबोने ज्या समाध्या सांगितल्या त्या आजही गावातून कुठूनही मान वर केली की दिसतात. हार्शेना नावाचा डोंगर आहे, त्याच्या नदीकडच्या कड्यात पाच मोठ्या दगडी खोल्या कोरल्यात. या पाँटस राज्याच्या राजांच्या. पाँटस म्हणजे अलेक्झांडर मेल्यावर जी भांडाभांडी झाली त्यातून काळ्या समुद्राच्या काठी उभं राहिलेलं एक राज्य, राजघराणं इराणी वंशाचं, भाषा आणि थाट ग्रीक. पहिला मिथ्रिडेटिस, इसवी सन पूर्व २८१ च्या सुमाराला राजा म्हणून उभा राहिला. सुरुवातीची शंभरेक वर्षं राजधानी अमास्या, नंतर इसवी सन पूर्व १८३ साली फार्नाकेस नावाच्या राजाने किनाऱ्यावरचं सिनोप बंदर जिंकलं आणि पुढे राजधानी तिकडे गेली. साहजिक आहे, पैसा बंदरात असतो.

या समाध्यांची एक गोष्ट फोटोत कळत नाही. आपण म्हणतो लेणं कोरलं म्हणजे आत खोली खोदली. इथे तेवढ्यावर थांबले नाहीत. काही समाध्यांच्या दोन्ही बाजूंनी आणि मागूनसुद्धा दगड कापून बोळ काढलाय, म्हणजे समाधी कड्याच्या आत एखाद्या सुट्या घरासारखी उभी राहते आणि तिच्याभोवती प्रदक्षिणा घालता येते. मागच्या त्या बोळात थंडगार अंधार, दोन्हीकडे छिन्नीचे घाव, आणि बाहेर आलं की एकदम खाली नदी, लाल कौलं, मशिदीचे मिनार. मोठ्या समाध्या दहा-बारा मीटर उंच आहेत. त्यातली एक अर्धवट राहिलीये, ती फार्नाकेसची असावी असा अंदाज आहे, राजधानी हलली त्यामुळे काम बंद पडलं असणार. आत आता काही नाही, लुटारूंनी केव्हाच साफ केलंय. २०१५ मध्ये हा डोंगर आणि समाध्या युनेस्कोच्या संभाव्य यादीत आल्या, म्हणजे पक्क्या यादीत अजून नाहीत, रांगेत आहेत.

पाँटसचा शेवटचा मोठा राजा सहावा मिथ्रिडेटिस, हा रोमशी तीनदा लढला आणि शेवटी हरला. त्याचा पोरगा, तोही फार्नाकेस, पुन्हा उठला तेव्हा ज्युलियस सीझर स्वतः आला आणि इसवी सन पूर्व ४७ मध्ये झेला इथे त्याला झोडपून काढलं, आणि मग ते सुप्रसिद्ध वाक्य: आलो, पाहिलं, जिंकलं. ते झेला म्हणजे आजचं झिले, अमास्याच्या दक्षिणेला, शेजारच्या तोकात जिल्ह्यात. म्हणजे ज्या वाक्याचे टीशर्ट जगभर विकतात ते याच पट्ट्यातल्या लढाईबद्दलचं.

मधली हजार-बाराशे वर्षं मी भराभर उरकतो. रोम, मग बायझंटाईन, १०७१ च्या मान्झिकर्टच्या लढाईनंतर तुर्क आले, आधी दानिशमेंद घराणं, मग सेल्जुक, मग तेराव्या शतकात मंगोल. मंगोल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फक्त जाळपोळ येते, पण अमास्यातली सगळ्यात सुंदर जुनी इमारत त्यांच्याच काळातली आहे, १३०८-०९ ची, इराणच्या इल्खानी मंगोल बादशहाच्या बेगमेच्या नावाने बांधलेला दवाखाना. नाव बिमारहाने. मोठ्याने म्हणून बघा, बीमार-खाना! फारसीतून आपल्याकडे दवाखाना, कारखाना, तोफखाना आला तसाच तिकडे तो 'हाने' होऊन बसलाय.

या दवाखान्यात वेड्यांवर संगीताने आणि पाण्याच्या आवाजाने उपचार करायचे असं तिथले गाईड हमखास सांगतात. पण जे नक्की माहितीये तेच इतकं जबरदस्त आहे की बाकी नसलं तरी चालेल. पंधराव्या शतकात इथे साबुनजुओलू शेरेफेद्दिन नावाचा सर्जन होता. १४ वर्षं या दवाखान्यात काम केलं आणि १४६५ मध्ये शस्त्रक्रियेवर एक ग्रंथ लिहिला. मूळ आधार दहाव्या शतकातल्या स्पेनच्या अल-झहरावीचा, पण त्यात स्वतःचा अनुभव घातला, अरबी-फारसी सोडून साध्या तुर्कीत लिहिला आणि मुख्य म्हणजे चित्रं काढली. रंगीत चित्रं, पेशंट कसा बसवायचा, डाग कुठे द्यायचा, हाड कसं बसवायचं, हत्यार कसं धरायचं, आणि काही चित्रांत उपचार करणाऱ्या बायकासुद्धा. डॉक्टरी विद्येत माणसाचं चित्र काढायला त्या काळी धाडस लागायचं. ग्रंथ सुलतान दुसऱ्या मेहमेदला, म्हणजे ज्याने इस्तंबूल जिंकलं त्यालाच, अर्पण केला. आज त्या इमारतीत त्याच्याच नावाचं म्युझियम आहे.

आता येऊ मूळ मुद्द्यावर, राजपुत्र.

ऑटोमन लोकांत वारसाहक्काचा पक्का नियम नव्हता. थोरला गादीवर बसणार असं कुठे लिहिलेलं नाही, सुलतानाचा कुठलाही मुलगा बसू शकतो, जो पोचेल आणि टिकेल तो सुलतान. मग पोरांना तयार कसं करायचं? तर दहा-बारा वर्षांचा झाला की त्याला एखाद्या प्रांताचा कारभारी करून पाठवायचं. प्रांताला म्हणायचे सनजाक. सोबत आई, एक अनुभवी शिक्षक-कारभारी, त्याला म्हणायचे 'लाला', आणि छोटा दरबार, कारकून, शिपाई, स्वयंपाकी, कवी, सगळी राजधानीची छोटी प्रत. वसुली करा, तंटे सोडवा, सीमेवर लक्ष ठेवा, चुका करा पण घरापासून लांब करा. म्हणजे इंटर्नशिपच, फक्त नापास झालं तर नोकरी जात नाही, जीव जातो, कारण जो भाऊ सुलतान होईल तो बाकीच्यांना बहुतेक मारून टाकणार.

अमास्याची निवड का झाली ते आता सांगायला नकोच. सुरक्षित, पूर्वेच्या सीमेच्या वाटेवर, खाण्यापिण्याची रेलचेल. १४०२ मध्ये अंकाराच्या लढाईत तैमूरने ऑटोमनांचा चुराडा केला, सुलतान कैद झाला, तेव्हा त्याचा एक मुलगा मेहमेद इथेच येऊन घळीत दबा धरून बसला, ताकद गोळा केली, भावांशी अकरा वर्षं लढला आणि १४१३ मध्ये सगळं राज्य परत जोडलं. अमास्या नसतं तर ऑटोमन साम्राज्य तिथेच संपलं असतं असं म्हणणारे भेटतात, मला ते थोडं जास्त वाटतं, पण अगदीच चूक नाही. त्याचा मुलगा दुसरा मुराद अमास्यातच जन्मला. इस्तंबूल जिंकणारा मेहमेद लहानपणी काही काळ इथे होता. आणि मेहमेदचा मुलगा बायझीद, हा तर जवळपास सगळं तारुण्य इथेच राहिला.

त्याचीच गोष्ट सांगतो. ३ मे १४८१, सुलतान मेहमेद मोहिमेवर निघालेला असताना गेब्झेजवळ अचानक वारला. दोन मुलं, बायझीद अमास्यात, जेम कोन्यात. वजिराने मृत्यूची बातमी दाबून ठेवायचा प्रयत्न केला, दोघांकडे निरोप पाठवले, पण त्याचा स्वतःचा कल जेमकडे. झालं काय, जेमकडे निघालेला निरोप्या वाटेतच पकडला गेला, कारण त्या रस्त्यावरचा सुभेदार बायझीदचा जावई होता. इकडे इस्तंबूलमध्ये बातमी फुटली, जानिसारी, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळातल्या सैनिकांनी दंगा करून वजिराला मारलं, बायझीदच्या छोट्या मुलाला तात्पुरतं गादीवर बसवून जागा धरून ठेवली, अगदी एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात तशी, आणि बायझीद अमास्याहून घोडे फेकत वीस दिवसांच्या आत हजर. जेमला कळेपर्यंत खेळ संपला होता. बिचारा पुढे युरोपात पळाला आणि तिथेच कैदेत मेला.

सुलतान झाल्यावर बायझीद गावाला विसरला नाही. नदीकाठची मोठी मशीद, १४८६ ची, त्याच्याच नावाची. त्याचा अक्षरगुरू शेख हमदुल्ला हा अमास्याचाच, त्यालाही तो इस्तंबूलला घेऊन गेला आणि पुढे ऑटोमन सुलेखनाची सगळी परंपरा या माणसापासून सुरू झाली असं मानतात. बायझीदचा मुलगा सलीम, ज्याने पुढे बापालाच गादीवरून उतरवलं, तो १४७० मध्ये इथेच जन्मलेला.

मग सिरीयलवाला मुस्तफा. सलीमचा मुलगा सुलतान सुलेमान, त्याचा हा थोरला मुलगा, सैन्यात प्रचंड लोकप्रिय, आधी मनिसाला होता. मनिसा इस्तंबूलला बरंच जवळ. १५४१ मध्ये त्याची बदली अमास्याला झाली आणि लवकरच मनिसा सुलेमानच्या लाडक्या बेगमेच्या, हुर्रेमच्या, मुलाला मिळालं. आता कळलं ना चेहरे गंभीर का व्हायचे? बाप गेल्याची बातमी ज्याला आधी मिळेल आणि जो आधी पोचेल तो जिंकणार, त्यामुळे बदलीचं गाव किती लांब हेच तुमचं भविष्य. बारा वर्षं मुस्तफाने अमास्यात काढली, आणि १५५३ मध्ये बापाने छावणीत भेटायला बोलावलं, कोन्याजवळच्या एरेलीला, आणि तंबूतच गळा आवळून मारवलं. पाच-सहा वर्षांनी सुलेमानच्या दुसऱ्या एका मुलाला, हाही बायझीद, कुताह्याहून अमास्याला जायचा हुकूम आला तेव्हा त्याला त्याचा अर्थ बरोबर कळला. त्याने बंड केलं, हरला, इराणला पळाला, तिथे मारला गेला. गावाचं नाव या काळात चांगलंच पनवती झालं होतं.

याच सुलेमानने १५५४-५५ चा हिवाळा अख्ख्या फौजेसकट अमास्यात काढला आणि २९ मे १५५५ ला इराणच्या शाह तहमास्पबरोबर इथे तह झाला. बगदाद-इराक ऑटोमनांकडे, अझरबैजान आणि पूर्व जॉर्जिया इराणकडे. आजची तुर्कस्तान-इराण सीमा बघितली तर त्या तहाची सावली अजून दिसते.

राजपुत्र पाठवायची पद्धत सोळाव्या शतकाच्या शेवटी बंद पडली. तिसरा मेहमेद १५९५ मध्ये मनिसाहून येऊन गादीवर बसला आणि त्याने १९ भाऊ मारले, लहान लहान पोरं होती त्यात. त्यानंतर ठरलं की राजपुत्रांना राजवाड्यातच ठेवायचं, त्या भागाला नावच होतं 'काफेस', म्हणजे पिंजरा. मारामारी कमी झाली, पण वीस-तीस वर्षं पिंजऱ्यात काढलेला माणूस एकदम सुलतान झाला की जे व्हायचं ते झालं. आणि अमास्या साधं गाव झालं. रेशीम, फळं, मदरसे. आज नदीकाठी ज्या लाकडी घरांचे फोटो सगळे काढतात ती या नंतरच्या काळातली, बहुतेक १९ व्या शतकातली: लाकडी सांगाडा, मधे कच्च्या विटा, वर पांढरा गिलावा, आणि वरचा मजला नदीवर पुढे आलेला. पाया मात्र जुन्या तटबंदीचा, तोच स्ट्रेबोने सांगितलेला नदीकाठचा तट. गावाच्या उत्तरेकडून तुर्कस्तानची ती कुप्रसिद्ध भूकंपरेषा जाते, १९३९ पासून १९४३ पर्यंत लागोपाठ मोठे धक्के बसलेत, तरी यातली कितीतरी घरं उभी आहेत.

मग एकदम १९१९. पहिल्या महायुद्धात हरलेला देश, इस्तंबूलमध्ये परकी फौजा, सामसुनमध्ये ब्रिटिश सैनिक. १९ मे ला मुस्तफा कमाल, म्हणजे पुढचा अतातुर्क, आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक, सामसुनला उतरला, सरकारी कागदावर लष्करी निरीक्षक म्हणून. ब्रिटिशांच्या डोळ्यासमोर काही करता येणार नाही म्हणून आत सरकत सरकत १२ जूनला अमास्यात. परत तेच गणित: किनाऱ्यापासून लांब, डोंगराआड, पण तारेची लाईन चालू. इथून २२ जूनला देशभर तारा गेल्या, तेच अमास्याचं परिपत्रक. त्यातलं वाक्य तुर्की पोरांना शाळेत पाठ असतं, की राष्ट्राचं स्वातंत्र्य राष्ट्राचाच निर्धार आणि निर्णय वाचवेल. शिवाय प्रत्येक सनजाकमधून तीन-तीन प्रतिनिधी सिवासला पाठवा असंही होतं त्यात. ज्या गावाने सुलतान घडवले तिथूनच सुलतानाच्या सरकारला बाजूला सारणारी पहिली तार निघाली.

ब्रोशरमध्ये जे नसतं तेही सांगतो. या गावात आणि शेजारच्या मेर्झिफोनमध्ये आर्मेनियन आणि ग्रीक लोक मोठ्या संख्येने होते, रेशमाचा धंदा, शाळा, चर्च. १९१५ मध्ये आर्मेनियन लोकांना हाकलून लावलं, मारलं. १९२१ मध्ये याच अमास्यात न्यायालय बसवून पाँटसच्या ग्रीक पुढाऱ्यांना फाशी दिली, आणि १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तानमधल्या लोकांच्या अदलाबदलीच्या करारात उरलेले ग्रीकही गेले. मेर्झिफोनमधलं अमेरिकन मिशनऱ्यांचं कॉलेज थेट ग्रीसमध्ये थेसालोनिकीला हललं. स्ट्रेबो ग्रीकमध्ये लिहायचा, आणि त्याच्या गावात ती भाषा बोलणारं आता कुणी राहिलेलं नाही.

फरहाद आठवतो का, शिरीन-फरहादमधला? तुर्की लोकांच्या मते तो अमास्याचा. शिरीनसाठी डोंगर फोडून गावात पाणी आणायची अट होती, त्याने फोडला, आणला, आणि शेवटच्या क्षणी एका म्हातारीने खोटंच सांगितलं की शिरीन मेली. पठ्ठ्याने कुदळ वर फेकली ती त्याच्याच डोक्यात पडली. गावाबाहेर कड्याच्या कडेने खरोखरच किलोमीटरच्या किलोमीटर कोरलेला जुना कालवा आहे, ग्रीक-रोमन काळातला, त्याला फरहादचा कालवा म्हणतात. शेजारून हायवे जातो.

खायचं म्हणाल तर दोन गोष्टी. एक सफरचंद, त्याला मिस्केट म्हणतात, लहानसं, एका गालावर लाल, वास इतका की खोलीत ठेवलं तर कळतं. नव्या जातींनी त्याला बाजारात मागे ढकललंय, त्यामुळे दुकानात नाव घेऊन मागायला लागतं. दुसरी भेंडी. आपल्या भेंडीला तुर्की लोक 'बाम्या' म्हणतात आणि अमास्याची बाम्या बोटाच्या पेराएवढीसुद्धा नसते, फूल जेमतेम गळतंय तोवर खुडतात, दोऱ्यात ओवून माळा करून सावलीत वाळवतात आणि हिवाळ्यात मटणाच्या रश्श्यात भरपूर लिंबू पिळून शिजवतात. लिंबामुळे तार सुटत नाही. आमच्या घरी हे सांगितलं तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो मिथ्रिडेटिसबद्दल नव्हता, एवढ्याशा भेंडीची देठं काढत बसायला वेळ कुणाला असतो हा होता.